गाडीच्या मालकाचे मत कसे तोलावे?

व्यापारी बंधूंनो, माल घेताना आपण कापड चुरगाळून पाहतो, लाकूड ठोकून पाहतो. पण आठ-दहा लाखांची गाडी घेताना शेजारच्या दुकानदाराच्या "मस्त आहे, घेऊन टाका" एवढ्या बोलावर आपण सौदा करतो. हे पैसे धंद्याच्या भांडवलातून जातात. गाडी वारंवार गॅरेजमध्ये उभी राहिली तर हप्ता चालू राहतो आणि दुकानात माल कमी पडतो. म्हणून मालकांची मते कशी ऐकावीत, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

प्रथम या गाड्या काय आहेत ते पाहू. ब्रेझा (२०१६), नेक्सॉन (२०१७), व्हेन्यू (२०१९), मॅग्नाइट (२०२०), पंच (२०२१) या सर्व ४ मीटरच्या आतील छोट्या एसयूव्ही. हे माप करातून आले. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतील लहान गाड्यांचे अबकारी शुल्क कमी झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतील, पेट्रोल इंजिन १२०० सीसी किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. मोठ्या गाडीवर ४० टक्के. तेव्हा डिकी लहान आणि मागची सीट तीन माणसांना अडचणीची, ही मालकांची तक्रार मापातूनच येते. तिला गाडीचा बिघाड समजू नये.

आता आतील दर्जा. "प्लास्टिक कडक आहे" असे पुष्कळ मालक म्हणतात. कडक प्लास्टिक म्हणजे हलके प्लास्टिक नव्हे. बोटाने दाबल्यावर ते करकरते का, सांधे एकसारखे आहेत का, डॅशबोर्डच्या खणाचे झाकण नीट बसते का, हे पाहावे. यांतील बऱ्याच गाड्यांना तीन सिलिंडरचे इंजिन असते. त्याची थरथर चार सिलिंडरपेक्षा जास्त जाणवते. सांधा सैल असेल तर खडखड तेथूनच सुरू होते. शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर ती ऐकू येत नाही, म्हणून चाचणीची फेरी खड्ड्यांच्या रस्त्यावर, टेप बंद ठेवून घ्यावी.

भरवशाचे मत निराळे असते. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था मालकांना दोन वेळा विचारते. एक पाहणी नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांची, दुसरी तीन वर्षे वापरलेल्या गाडीची. दोन्हींत दर १०० गाड्यांमागे किती अडचणी आल्या ते मोजतात. आपणही हाच धडा घ्यावा. पहिल्या महिन्यातील मालक स्क्रीन आणि सीटबद्दल बोलतो. क्लच, सस्पेन्शन, बॅटरी आणि एसी यांबद्दल तिसऱ्या वर्षातील मालकच सांगू शकतो.

शिवाय वापर कोणता, हे विचारल्याशिवाय मत पुरे होत नाही. समजा, एका कापड व्यापाऱ्याने डिझेल गाडी घेतली. घर ते दुकान तीन किलोमीटर, दिवसातून चार फेऱ्या. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी इंजिन चांगले तापावे लागते, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, धोक्याचा दिवा लागतो, आणि व्यापारी म्हणतो, "गाडी बेभरवशाची." तीच गाडी घेऊन आठवड्याला दोनदा सोलापूर-पुणे करणारा तिची तारीफ करतो. दोघेही खरे बोलतात. आपला वापर ज्याच्याशी जुळतो, त्याचे मत आपल्या कामाचे.

म्हणून एकाला न विचारता पाच-सहा मालकांना हे प्रश्न विचारावेत:

१) गाडी किती वर्षांची व किती किलोमीटर चाललेली?
२) रोजचा रस्ता कोणता, ओझे किती?
३) वाटेत कधी बंद पडली का?
४) वॉरंटीबाहेर खिशातून किती खर्च झाला?
५) सुटा भाग मिळायला किती दिवस लागले?
६) आज पुन्हा हीच घ्याल का?

एकच तक्रार तिघांकडून आली तर ती गाडीची समजावी. एकाकडूनच आली तर ती त्या गाडीपुरती किंवा वापराची असू शकते. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकलाही विचारावे. त्याच्याकडे कोणत्या गाड्या कशासाठी येतात, हे त्याला तोंडपाठ असते.

पाचवा प्रश्न क्षुल्लक समजू नये. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारनिर्मिती बंद करण्याचे जाहीर केले. इकोस्पोर्ट आवडीने चालवणारे मालक आजही आहेत. पण ती जुनी घेणाऱ्याने जवळचे सर्व्हिस केंद्र व सुटे भाग आधी पाहिलेच पाहिजेत.

शेवटी एक गोष्ट. उद्या आपल्यालाही कोणी मत विचारील. गाडी महाग पडली, हे सांगण्यात कमीपणा वाटून अनेकजण दोष झाकतात. विचारणारा आपल्या शब्दावर स्वतःची कमाई लावणार असतो. मालातील दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, हा आपला व्यापाराचा दंडक. मत देतानाही तोच पाळावा.