खेळातील राज्यकर्ता

खेळ म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, असाच आपला सर्वसाधारण समज असतो. माझाही होता. गेल्या वर्षी वसतिगृहात आम्ही पाच जण एक खेळ खेळलो आणि तो समज बदलला.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यावयाचे, ते काय करते हे बोलून सांगावयाचे आणि निकाल फाशांनी व नियमांनी लावावयाचा, असे या प्रकाराचे स्वरूप. आरंभी त्यात राक्षस आणि खजिने होते. पुढे काही लेखकांनी सामाजिक विषय हाती घेतले. ज्युलिया एलिंगबो यांच्या 'स्टील अवे जॉर्डन' (२००७) या खेळात अमेरिकेतील गुलामांची पात्रे आहेत. लियम बर्क यांचा 'डॉग ईट डॉग' पॅसिफिक बेटांवरील वसाहतवादाविषयी आहे. आम्ही खेळलो तो हाच.

त्यात खेळणाऱ्यांपैकी सर्वांत श्रीमंत व्यक्तीने राज्यकर्ता व्हावयाचे असते, बाकीचे बेटवासी. हे वाचताच खोलीत शांतता पसरली. कोणाची जमीन किती, कोणाचे वडील काय करतात, हे आम्ही एकमेकांस कधी विचारलेच नव्हते. अखेर ती भूमिका माझ्याकडे आली.

पहिला नियम आधीच ठरलेला असतो : बेटवासी हे राज्यकर्त्यांहून हीन आहेत. प्रत्येक प्रसंगातून मिळालेला धडा नवा नियम म्हणून यादीत वाढत जातो. मी जुलमी व्हावयाचे नाही असे ठरविले होते, म्हणून बेटावर शाळा काढली. मित्राच्या पात्राने विचारले, "शिकवणार कोणत्या भाषेत?" मी सहज म्हणालो, "अर्थात आमच्या." लगेच त्याने यादीत लिहिले : 'शाळेत आपली भाषा बोलू नये.' असा हुकूम मी काढलाच नव्हता; पण नियम खोटा आहे, असेही मला म्हणता येईना.

समाजस्थिती निसर्गदत्त नसून माणसांनी घडविलेली आहे, हे ओळखणे म्हणजे शिक्षण, असा ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी (१९२१-१९९७) यांच्या विचाराचा गाभा आहे. खेळात नियम कागदावर दिसतात, समाजात ते कोणी लिहून देत नाही. एवढाच काय तो फरक.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. दोन तास बेटवासी झाल्याने पारतंत्र्य कळले असे मानणे हा उद्धटपणा होय. खेळ मध्येच सोडण्याची मुभा प्रत्येकास हवी आणि नंतर चर्चा तर हवीच. आमच्या चर्चेत त्या मित्राने सांगितले, की पहिल्या वर्षी तो वर्गात बोलत नसे, कारण त्याची बोली ऐकून काही जण हसत. हसणाऱ्यांत मी होतो. खेळ झाला नसता, तर हे तो मला कधी सांगता ना.