माठ, टिकली आणि शेताची मोजणी

घरातला पाण्याचा माठ घ्या. त्यावर वर्तमानपत्राचे पान घट्ट बसवून पाहा. कागदाला चुण्या पडतात. जास्त ओढला तर फाटतो. आता त्याच माठावर कपाळाची टिकली लावा. ती कशी सपाट बसते!

पृथ्वी माठासारखी गोल आहे. देशाचा नकाशा म्हणजे ते मोठे पान. आपले शेत म्हणजे टिकली, खरे तर टिकलीहूनही लहान. म्हणून शेत मोजताना जमीन सपाट धरली तरी चालते. कोपऱ्यातल्या एका दगडाला शून्य म्हणा. तिथून पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर, एवढे दोन आकडे लिहिले की कोणत्याही खुंटीची जागा ठरते. फीत मात्र आडवी, समपातळीत धरा. उतारावर टेकवून मोजाल तर फसाल.

मोठ्या नकाशाला हे चालत नाही. म्हणून पृथ्वीचे उभे ६० पट्टे पाडून एकेक पट्टा सपाट करतात. या पद्धतीला यूटीएम म्हणतात. तरी थोडी ओढाताण होतेच. पट्ट्याच्या कडेला अंतर फार वाढू नये, म्हणून मधोमध ते मुद्दाम जरा कमी धरतात. पश्चिम महाराष्ट्राच्या पट्ट्याची मधली रेषा, ७५ अंश रेखांशाची, अहिल्यानगर जिल्ह्यातून जाते. तिथे जमिनीवरचे १०० मीटर नकाशात ९९ मीटर ९६ सेंटीमीटर भरतात. मुंबईकडे उलटे, सुमारे २ सेंटीमीटर जास्त. नागपूर तर पुढच्याच पट्ट्यात.

चार सेंटीमीटर म्हणजे काय मोठे, असे म्हणाल. हिशेब करू. समजा, तिथले शेत १०० मीटर लांब, ४० मीटर रुंद. म्हणजे ४० आर. नकाशाच्या आकड्यांनी त्यात ३ चौरस मीटरहून जास्त जागा कमी दिसते. एका खाटेहून मोठी! जुनी मोजणी फितीची, नवी रोव्हर यंत्राची. थोरला म्हणतो, धाकट्याने बांध कोरला. धाकटा म्हणतो, मोजणीदार फितूर. बांध जागचा हललेलाही नसतो. एवढ्यावरून भाऊ कोर्टाची पायरी चढतात.

मग नकाशाचे आकडे नकोतच का? तसे नाही. दगड नांगराखाली गेला, पुरात वाहिला, तर जागा पुन्हा शोधायला तेच उपयोगी पडतात. वाटणीला आणि भिंतीच्या पायाला मात्र जमिनीवरचे अंतर धरा. यंत्र घेऊन मोजणीदार आला की त्याला विचारा, "भाऊसाहेब, हे अंतर जमिनीवरचे की नकाशातले?" तो जे सांगेल ते कच्च्या नकाशावर त्याच्याच हाताने लिहून घ्या.