इंग्रजी सर्वनामे : आधी बोट, मग पुस्तक



ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून सुट्टीच्या दिवशी शहापूर, मुरबाड, भिवंडीकडील पाड्यांवर मुलांना शिकवायला जे जातात, किंवा जाण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा छोटा पाठ आहे.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मुलांची शाळा तुटते. भट्टीवर पुस्तक हाताशी असेलच असे नाही. म्हणून पुस्तकावाचूनही लक्षात राहील असे काही त्यांना द्यायला हवे. इंग्रजी सर्वनामे तशी आहेत. शब्द मोजके, पण त्यांच्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही.

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. त्याचे मुख्य प्रकार असे :

1. पुरुषवाचक : आय, वी, यू, ही, शी, इट, दे. कर्माच्या जागी हीच अनुक्रमे मी, अस, यू, हिम, हर, इट, देम अशी होतात.
2. स्वामित्वदर्शक : माईन, अवर्स, युअर्स, हिज, हर्स, देअर्स. ‘दिस बुक इज माईन.’ पुढे नाम आले की मात्र ‘माय बुक’ म्हणावे.
3. आत्मवाचक : मायसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, देमसेल्व्हज.
4. दर्शक : दिस, दॅट, दीज, दोज.
5. प्रश्नार्थक : हू, व्हॉट, विच.
6. संबंधी : हू, विच, दॅट. ‘द गर्ल हू सँग’, म्हणजे जी गायली ती मुलगी.
7. अनिश्चित : समवन, एव्हरीवन, नोबडी.
8. परस्परवाचक : ईच अदर.

ही यादी आपल्यासाठी आहे. मुलांना पहिल्याच दिवशी पाठ करायला देऊ नये. सुरुवातीला पहिला प्रकार पुरे, कारण खरी अडचण तिथेच आहे. हे शब्द मुलांच्या कानाला ओळखीचे वाटतात, पण अर्थ भलताच असतो. मराठीतला ‘मी’ काम करतो. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे ‘मला’. आपली ‘ही’ बाई, त्यांचा ‘ही’ पुरुष. ‘माय’ म्हटले की आई आठवते आणि ‘दे’ म्हटले की मूल हात पुढे करते. ‘शी’ ऐकून तर सगळा वर्ग हसतो. हसू द्यावे. हसून झाल्यावर तोच शब्द पक्का बसतो.

त्यातून कित्येक मुलांच्या घरी वारली, कातकरी किंवा ठाकरी बोली असते. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. तेव्हा प्रत्येक शब्दाचे मराठी भाषांतर सांगत बसण्यापेक्षा बोटाने दाखवावे. मुलांना गोल उभे करावे. स्वतःच्या छातीवर हात ठेवून ‘आय’, समोरच्याकडे ‘यू’, बाजूच्या मुलाकडे ‘ही’, मुलीकडे ‘शी’, झाडाकडे ‘इट’. मग हातात खडा घ्यावा : ‘गिव्ह मी’, ‘गिव्ह हिम’, ‘गिव्ह हर’. खडा फिरतो तसे शब्दाचे रूप बदलते. घरी तुम्ही काय म्हणता, हेही विचारावे.

आणखी दोन गोष्टी. गुरुजींना ‘यू’ म्हणायला मूल बिचकले, तर सांगावे की तू, तुम्ही, आपण या तिघांसाठी इंग्रजीत हा एकच शब्द आहे. त्यात उद्धटपणा नाही. तसेच ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ही आणि ‘आपण’ही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. म्हणून ‘वी’ शिकवताना मुलांपुढे उभे राहू नये. त्यांच्या गोलात जाऊन हात धरावा आणि सगळ्यांनी मिळून म्हणावे, ‘वी आर लर्निंग’, आपण शिकतो आहोत.