हौदाची भेग व पांढरा ओघळ

सिमेंट-काँक्रीटच्या हौदास भेग पडून बाहेरून पांढरा ओघळ दिसू लागला, तर तो केवळ डाग समजू नये. सिमेंटातील मोकळा चुना झिरपत्या पाण्यात विरघळून बाहेर येतो व हवेतील कर्बाम्लवायूशी संयोग पावून पांढरा थर बनतो. केसाएवढी स्थिर भेग या थराने कधी आपोआप बुजते. परंतु नांदेड-लातूरकडील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तीवरील भेग दरसाल हलते. मग चुना वाहतच राहतो, काँक्रीट सच्छिद्र होते व आतील सळ्या गंजतात. यास्तव नवीन हौदाचा पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा, काँक्रीट निदान १५ दिवस ओले ठेवावे, आणि जुन्या हौदाची भेग लवचिक मसाल्याने वेळीच भरावी.