मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये



द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०) वाचताना आपले सारे लक्ष शेवटच्या तासाला आलेल्यांकडे जाते. त्यांना सारखाच दिनार का, हा आपला प्रश्न असतो. पण संध्याकाळ होताच मालक कारभाऱ्याला मजुरी चुकती करायला सांगतो, ही गोष्ट आपण वाचून पुढे जातो. ऐकणाऱ्या यहुदी लोकांना मात्र त्यात काही नवल वाटले नसेल. तो त्यांचा नियमच होता.

मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवून घेऊ नये, असे लेवीय १९:१३ मध्ये सांगितले आहे. अनुवाद २४:१४-१५ म्हणते की, सूर्य मावळण्याआधी ती द्यावी. कारण मजूर गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. तो स्वदेशीय असो की परका, नियम एकच.

मग मुदत सूर्यास्ताची की सकाळची? इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात शास्त्र्यांनी याचा मेळ घातला. दिवसा राबणाऱ्याची मजुरी त्या रात्रीत, पहाटेपूर्वी द्यावी. रात्री राबणाऱ्याची दुसऱ्या दिवशी, सूर्यास्तापूर्वी. भाड्याने आणलेले जनावर आणि अवजारे यांच्या भाड्यालाही हाच नियम लावला.

जीव अडकलेला असतो म्हणजे काय? तालमूद विचारते, हा माणूस उंच शिडीवर का चढला, झाडाला का लोंबकळला, मरणाचा धोका का पत्करला? मजुरीसाठीच ना? म्हणून जो ती अडकवून ठेवतो, तो जणू त्याचा जीवच घेतो.

या नियमाला मर्यादाही होत्या. मजुराने मागितलीच नाही, किंवा मालकाकडे खरोखरच पैसे नसले, तर हा दोष लागत नसे. मध्यस्थाने मजूर आणले आणि मजुरी घरधनी देईल असे सांगितले, तर दोघेही या नियमातून सुटत. (आपल्याकडच्या ठेकेदारीची आठवण होते!) मागितले नाही तर दोष नाही, ही सूट मला थोडी अवघड वाटते. उद्या पुन्हा काम मिळेल की नाही, या भीतीने कितीतरी माणसे मागतच नाहीत. आमच्या घरी रंगकाम झाले तेव्हा सुट्टे नाहीत म्हणून मी रंगाऱ्याला उद्या ये म्हटले. तो हसून गेला आणि चार दिवसांनी आला. त्याने त्या चार दिवसांत काय केले असेल, हे विचारायचे मला सुचले नाही. हाताशी असलेले देणे उद्यावर ढकलू नये, असे नीतिसूत्रे ३:२८ सांगते. मुदत उलटूनही मजुरी देत नाही त्याला तालमूदातील शास्त्री हेच वचन लावत.

आधुनिक इस्राएलच्या १९५८ च्या वेतन-संरक्षण कायद्यात उशिरा दिलेल्या पगाराला आजही जुनाच शब्द आहे, त्याचा अर्थ ‘रात्रभर ठेवलेली मजुरी’. संत याकोबही (५:४) हीच जुनी शिकवण पुढे नेतो, आणि पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या परिपत्रकात त्याचाच आधार घेतला.

तालमूदातील एक प्रसंग मात्र नियमाच्याही पुढे जातो. रब्बा बार बार हाना यांच्या हमालांच्या हातून द्राक्षारसाचे पिंप फुटले. भरपाई म्हणून त्यांनी हमालांची अंगवस्त्रे काढून घेतली. हमाल राव नावाच्या गुरूंकडे गेले. वस्त्रे परत दे, असे राव म्हणाले. हाच कायदा आहे का, असे रब्बांनी विचारले. होय, रावांनी उत्तर दिले. चांगल्यांच्या मार्गाने चालावे, असे लिहिले आहे. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, भुकेले आहोत, हाती काहीच नाही. राव म्हणाले, यांची मजुरीही दे. रब्बांनी पुन्हा विचारले, हाही कायदाच का? राव पुन्हा म्हणाले, होय.