आमदारांची भेट : निवेदनापासून सभागृहापर्यंत



आठवीच्या नागरिकशास्त्रात राज्यशासनाचा पाठ येतो. विधानसभेचे सदस्य २८८, विधानपरिषदेचे ७८, विधानसभेची मुदत पाच वर्षे, हिवाळी अधिवेशन नागपूरला. मुले पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. पण त्याच वर्गाला एकदा साधा प्रश्न विचारून बघा, "आमदार काय काम करतात?" उत्तरे साधारण ठरलेली असतात. उद्घाटन करतात, रस्ता करून देतात, गणपतीला येतात, भाषण करतात. एखादा सांगतो, "आमच्या काकांचं काम करून दिलं." कायदा करतात, मंत्र्यांना प्रश्न विचारतात असे सांगणारा हात क्वचितच वर येतो.

यात मुलांचा दोष नाही. त्यांना जे दिसते तेच ती सांगतात. आमदार मतदारसंघात दिसतात, सभागृहात दिसत नाहीत. म्हणून या लेखात पाठातला एकच धागा धरू या: लोक आमदारांना भेटतात, त्या भेटीचे पुढे काय होते? हा धागा मुलांच्या हाती आला, तर विधिमंडळाचा सगळा पाठ त्यांना आपोआप समजतो.

एक आमदार, किती माणसे?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. तिला २८८ ने भागा. एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ९० हजार माणसे येतात. हे गणित मुलांनाच फळ्यावर करू द्या. मग विचारा, "आमदारांनी रोज शंभर माणसांना भेटायचं ठरवलं, तर सगळ्यांची भेट व्हायला किती दिवस लागतील?" उत्तर येते ३,९०० दिवस, म्हणजे दहा वर्षांहून जास्त. मुदत तर पाचच वर्षांची!

म्हणजे प्रत्येकाला एकट्याने भेटून प्रत्येकाचे काम होणे शक्यच नाही. म्हणूनच जनसंपर्क कार्यालय असते, ठरलेल्या वारी जनता दरबार असतो, गावभेटीचा दौरा असतो. आणि म्हणूनच बचत गट, शेतकरी, पालक, शिक्षक संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ असे गट करून भेटतात. एका गटाच्या भेटीत पन्नास जणांचा प्रश्न एका कागदावर येतो.

आधी विचारायचे : हे काम कोणाचे?

पुष्कळ भेटी वाया जातात, कारण काम भलत्याच दारात नेलेले असते. वर्गात हा तक्ता करून लावता येईल.

• गावातली गटार, दिवाबत्ती, नळाचे पाणी : ग्रामपंचायत किंवा नगरपालिका.
• जिल्हा परिषद शाळेची गळकी खोली : शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषद.
• रेशनकार्ड : तहसील कार्यालयातील पुरवठा विभाग.
• रेल्वे, पासपोर्ट : केंद्र सरकार. इथे लोकप्रतिनिधी म्हणजे खासदार.
• एसटी, राज्यमार्ग, पोलीस ठाणे, पाटबंधारे, शिक्षक भरतीचे धोरण : राज्य सरकार. इथे आमदार.

याचा अर्थ असा नाही, की पहिल्या तीन कामांसाठी आमदारांकडे जायचेच नाही. कार्यालयाने दाद दिली नाही, तर पाठपुराव्यासाठी जरूर जावे. पण आधी योग्य दार वाजवलेले असावे आणि त्याचा कागद हातात असावा. "साहेब, तिथे अर्ज केला होता, ही पोच" असे म्हणणाऱ्याचे बोलणे वेगळे ऐकले जाते.

दुसरी एक कसोटी मुलांना सांगण्यासारखी आहे. मी जे मागतो आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाची पाळी मागे जाते का? दवाखान्यात डॉक्टर नेमा, ही मागणी सगळ्यांची आहे. माझ्या पुतण्याला यादीत वर घ्या, ही मागणी दुसऱ्याच्या पुतण्याच्या मुळावर येते. पहिली हक्काची, दुसरी वशिल्याची. आठवीच्या मुलांना हा फरक फार लवकर कळतो, कारण शाळेच्या नळावर रांग कशी मोडते हे त्यांनी पाहिलेले असते.

कागद पुढे कुठे जातो?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात शाळा सातवीपर्यंत आहे. पुढच्या शिक्षणासाठी मुली बारा किलोमीटरवरच्या गावी जातात. त्यांना एसटीचा मोफत पास आहे, पण शाळा सुटल्यावर पहिली गाडी दोन तासांनी आहे. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. दोन-तीन पालक म्हणू लागतात, "पुरे झाली शाळा." पास मोफत असून गाडीच वेळेवर नसेल, तर मुलगी घरीच बसते. इतका हा प्रश्न साधा आणि इतका गंभीर आहे.

पालक आधी आगारप्रमुखांना अर्ज देतात, मग विभाग नियंत्रकांना. काही हलले नाही, म्हणून आमदारांना निवेदन देतात. इथून पुढे त्या कागदाला काही वाटा आहेत.

पहिली वाट पत्राची. आमदार विभाग नियंत्रकांना पत्र देतात किंवा फोन करतात. पुष्कळ प्रश्न इथेच सुटतात.

दुसरी वाट सभागृहाची. गाडीचा प्रश्न एका गावाचा नसून तालुकाभराचा आहे असे दिसले, तर आमदार तारांकित प्रश्न देऊ शकतात. मंत्र्यांना त्याचे तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल, तर लक्षवेधी सूचना मांडता येते. उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पाच्या वेळी खात्याच्या मागण्यांवर बोलता येते, कपात सूचना देता येते.

तिसरी वाट समित्यांची. मंत्री सभागृहात "करू" म्हणाले आणि विसरले, असे होऊ नये म्हणून आश्वासन समिती असते. नागरिकांच्या अर्जांसाठी विनंती अर्ज समिती असते. आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पंचायत राज समिती कोण सांगणार? पीआरसी येणार म्हटले, की महिनाभर दप्तर आवरण्यातच जातो! ती समितीही आमदारांचीच.

आता शिक्षकांसाठी एक गोष्ट. अधिवेशन सुरू झाले, की केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर मेसेज येतो, "तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे, माहिती आजच सादर करावी." आपण कपाळावर हात मारतो आणि रकाने भरतो. पण त्या तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला बहुधा कुणाची तरी भेट असते. कुठल्यातरी पालकाने, संघटनेने कागद दिला, आमदारांनी प्रश्न विचारला, मंत्रालयाने माहिती मागवली आणि ती साखळी आपल्या शाळेपर्यंत आली. आपण भरलेला आकडा मंत्र्यांच्या उत्तरात जातो. तो घाईत अंदाजाने भरला, तर राज्याच्या सभागृहात चुकीचे उत्तर जाते, आणि ज्यांनी कागद दिला त्यांचा प्रश्न कागदावरच सुटतो. मुलांना हे जरूर सांगा. आपली शाळासुद्धा विधिमंडळाच्या कामकाजाचा एक भाग आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटते.

निधीचे काय?

"आमदार निधीतून करून द्या" हे वाक्य प्रत्येक भेटीत असते. महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आकडा मोठा वाटतो. ३ लाख ९० हजार माणसांत वाटला, तर माणशी साधारण १२८ रुपये येतात. शिवाय हे पैसे आमदारांच्या हातात येत नाहीत. आमदार काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून होतो. म्हणजे सभामंडप मागायचा की अभ्यासिका, हे ठरवण्याची जबाबदारी मागणाऱ्यांवरही येते.

गट एकत्र आला की काय होते?

सांगोल्याचे गणपतराव देशमुख तब्बल अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. १९६२ मध्ये पहिल्यांदा, २०१४ मध्ये शेवटच्यांदा. मध्ये १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरलेही. त्यांच्या साधेपणाच्या, एसटीच्या प्रवासाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, सांगाव्यातही. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट राहून जाते. सांगोला हा दुष्काळी तालुका. असे तेरा दुष्काळी तालुके सोलापूर, सांगली, सातारा या भागांत होते. कृष्णेचे पाणी या पट्ट्याला मिळावे आणि ते सर्वांना समान न्यायाने मिळावे, यासाठी १९९३ पासून सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही त्यातली प्रमुख नावे. मोठ्या संख्येने शेतकरी तिथे एकत्र बसत, ठराव करत, पुढच्या वर्षी पुन्हा जमत. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांच्या मागे लोकांचा असा रेटा होता. एकट्या आमदाराने हे झाले नसते, आणि सभागृहात बोलणारे कुणी नसते तरी झाले नसते.

दुसरे उदाहरण वि. स. पागे यांचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधानपरिषदेचे सभापती होते. शेतीचा हंगाम संपला, की खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम नसते, हा प्रश्न त्यांनी जवळून पाहिला होता. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीने असंख्य घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राने ही वाट चालून दाखवली होती.

शिक्षकांनो, आपली पगारपत्रक काढून बघा. त्यात व्यवसाय कर म्हणून २०० रुपयांची, फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात दिसेल. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. खेड्यातल्या मजुराचा प्रश्न सभागृहात पोचला, की त्याचा धागा आपल्या पगारापर्यंत कसा येतो, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही.

शिक्षकांचा आमदार

विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघातून आणि ७ पदवीधर मतदारसंघातून निवडल्या जातात. शिक्षक मतदारसंघात मत द्यायला माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर, मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. त्यामुळे प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही. पालकांना हे बहुतेक माहीत नसते. शिक्षणाच्या प्रश्नावर निवेदन द्यायचे असेल, तर आपल्या विधानसभेच्या आमदारांबरोबरच विभागाच्या शिक्षक आमदारांनाही प्रत देता येते.

वर्गात कसे घ्यावे?

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत मुलांकडून परिसरातले दहा प्रश्न काढून घ्या आणि वरच्या तक्त्याप्रमाणे कोणते काम कोणाचे हे लावून घ्या. दुसऱ्या तासिकेत गट करून राज्य सरकारच्या कक्षेतला एक प्रश्न निवडा आणि निवेदन लिहायला सांगा. निवेदन एका पानाचे असावे. त्यात पाच गोष्टी हव्यात :

१. प्रश्न काय, कुठे, कधीपासून.
२. किती जणांना त्रास. मोजून, अंदाजाने नाही.
३. आधी कोणाकडे अर्ज केला, तारीख काय.
४. नेमके काय हवे. "योग्य कारवाई व्हावी" असे नको. "साडेपाचची फेरी सुरू व्हावी" असे हवे.
५. सह्या, तारीख आणि आपल्याकडे ठेवायची प्रत.

चौथ्या मुद्द्यावर मुले अडतात, तिथे थांबा. "गाड्या वाढवा" आणि "साडेपाचची फेरी" यांतला फरक त्यांना स्वतः शोधू द्या. पहिल्या मागणीवर नुसतेच "बघू" म्हणता येते. दुसरीला हो किंवा नाही म्हणावे लागते.

एक पथ्य मात्र पाळावे. हा उपक्रम कोणत्याही पक्षाचा होता कामा नये. आमदार शाळेत आले, तर मुलांना हार घेऊन उन्हात उभे करण्यापेक्षा तीन मुलांना प्रश्न विचारू द्या. प्रश्न आधी लिहून घ्या, उत्तरेही लिहून ठेवा. तीच त्या दिवसाची नागरिकशास्त्राची तासिका.

पालकांसाठी

निवेदन दिले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, इथे आपण थांबतो. काम खरे तिथून पुढे सुरू होते. निवेदनाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पंधरा-वीस दिवसांनी एकाने जाऊन विचारा, पत्र पुढे गेले का, कोणत्या तारखेला गेले. अधिवेशनाच्या महिनाभर आधी जाऊन आठवण द्या, कारण प्रश्नांच्या सूचना आधी द्याव्या लागतात. कार्यालय दाद देत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारा, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणि जाताना शक्य असेल तेव्हा मुलीला, मुलाला बरोबर घेऊन जा. आपले आईवडील हात जोडून उभे राहतात, की कागद पुढे करून बोलतात, हे मूल बघत असते.

स्वाध्याय

१. आपल्या विधानसभा मतदारसंघाचे नाव काय? त्यात कोणते तालुके किंवा प्रभाग येतात?
२. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांत फरक काय?
३. पुढीलपैकी कोणते काम आमदारांकडे न्याल व का : बंद पडलेला पथदिवा, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसणे, रेल्वेचा थांबा?
४. घरातल्या मोठ्यांना विचारा : ते आमदारांना शेवटचे कधी भेटले, काय मागितले, पुढे काय झाले? पाच ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात वाचून दाखवा. "पुढे काय झाले" या रकान्यात मुले काय लिहितात ते नीट पाहा. तो रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या तासिकेची सुरुवात तिथूनच करा.