त्याला खरं सांग

छोटे, काल तुझा फोन ठेवल्यापासून मनात तेच घोळतंय. तू बोलता बोलता सांगून गेलीस, ‘ताई, मला तो ‘अ‍ॅनिमल’ मुळीच आवडला नव्हता, पण त्याला म्हटलं, भारी आहे.’ आणि लगेच साखरपुड्याच्या साडीवर आलीस. साडीचं आपण बघू गं. आधी हे ऐक.

तो सिनेमा मी पाहिलाय, तीन तास एकवीस मिनिटं, अगदी शेवटपर्यंत. बापाच्या मायेला आसुसलेला मुलगा रणबीर कपूरनं खरा उभा केलाय, ते मी नाकारणार नाही. पण प्रेम सिद्ध करायचं असेल तर माझा बूट चाट, असं तो त्या मुलीला सांगतो ना, तिथे माझ्या पोटात ढवळलं. नायक वाईट असला म्हणून माझी तक्रार नाही. वाईट माणसांच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण इथे त्याच्या प्रत्येक आडदांडपणाला टाळ्या मिळतील अशी सोय करून ठेवली आहे, आणि त्या बायकांना काय वाटलं हे विचारायला कुणी थांबत नाही. हे माझं झालं. तुला काय खटकलं ते तुझं तू शोध आणि त्याला तुझ्या शब्दांत सांग. त्याला आवडला असेल, तर का आवडला तेही नीट ऐकून घे.

मी हे खोटं तीन वर्षं बोलले आहे, म्हणून सांगते. कॉलेजात आमच्या कंपूत सगळे ‘कोसला’चे भक्त. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली, 1963 सालची कादंबरी, आणि आमची पोरं ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ करत तशीच बोलायची. मी साठेक पानांवर अडकले होते. तरी मान डोलवत राहिले. त्यामुळे झालं काय, की पुस्तक मला आवडलं नाही की कळलंच नाही, हे कुणाशी बोलून पाहायची वेळच आली नाही.

मग तुला डेंग्यू झाला होता ते वर्ष आठव. रात्री तुझ्या खाटेशेजारी बसून मी ते पुन्हा उघडलं, आणि नायकाची, पांडुरंगाची, धाकटी बहीण मनी देवीनं जाते तिथवर पोचले. त्याचा तो कोरडा, कशाचंच काही न वाटणारा सूर मला इतकी वर्षं नखरा वाटला होता. त्या रात्री कळलं, की रडता येत नाही तेव्हा माणूस असाच बोलतो. पुस्तक मिटून तुझ्या कपाळावर हात ठेवून बसले. ताप उतरला होता. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

‘आहे मनोहर तरी’चंही असंच काहीसं झालं. आईच्या कपाटातली ती प्रत विशीत वाचली तेव्हा मला ते लिहिणाऱ्या सुनीताबाईंचा रागच आला होता. पुलं म्हणजे आपल्या घरचं दैवत, आणि ही बाई त्यांच्या विसराळूपणाचा, आपल्याच नादात असण्याचा हिशेब मांडते म्हणजे काय! लग्नाला चार वर्षं झाल्यावर पुन्हा वाचलं. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, बोरकर-मर्ढेकरांच्या कविता जिवापाड जपणारी ही बाई त्याच माणसाबरोबर आयुष्यभर राहिली आणि 1990 साली हे सगळं छापून मोकळी झाली. स्वतःलाही तिनं सोडलेलं नाही. काही पानांवर ती मला आजही फार कठोर वाटते. पण नवऱ्यापाशी खरं बोलायचं म्हणजे त्याचा मान कमी करायचा, ही माझी समजूत त्या पुस्तकानं काढून टाकली. ती प्रत तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. आईनं मार्जिनमध्ये पेन्सिलीनं खुणा केल्यात, कुठे कुठे केल्यात ते बघ.

आणि एक कर. दोघं मिळून ‘साबर बोंडं’ बघा. रोहन कानवडेचा, 2025 साली सनडान्सला मोठं बक्षीस मिळालेला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा आनंद गावी जातो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि त्याचा जीव जडतो तो लहानपणच्या मित्रावर, बाळ्यावर. पार्श्वसंगीत नाही. कुणी ओरडत नाही. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूनं आहे, एवढंच पाहून माझे डोळे भरले. तुझ्या त्याला कदाचित संथ वाटेल. वाटू दे. कंटाळा आला असं तो मोकळेपणानं म्हणाला तर मला तो आवडेल. फक्त तू त्याच्या तोंडाकडे बघून आपलं मत ठरवू नकोस.

शनिवारी सुट्टी आहे ना दोघांना? बघून झाला की फोन कर, उशीर झाला तरी चालेल. मी जागी असेन.